फुंकणी

नळीत फुंकण्याची विद्या मराठी घरांना नवी नाही. आमच्या आजीने उभा जन्म फुंकणी हातात धरून काढला. ओल्या लाकडांवर ती फुंकायची, डोळ्यांतून पाणी काढायची, आणि मग कुठे चुलीत जाळ व्हायचा. पण आजीच्या फुंकणीचा एक मोठा गुण होता. ती फुंकणाऱ्याविषयी मत देत नसे. हल्लीच्या नळ्या मत देतात. तुम्ही फुंकायचं, नळीला जोडलेलं यंत्र क्षणभर विचार करतं आणि चक्क आकड्यात सांगतं, की तुम्ही सज्जन आहात की नाही. जाळ इथेही होतो, पण तो नोकरीला लागतो.

आपल्यासारख्यांना ही नळी दिसते ती एकतीस डिसेंबरच्या रात्री, वाहतूक पोलिसाच्या हातात. पण एक वर्ग असा आहे, की ज्याला भल्या पहाटे अंघोळ करून, टाय बांधून, देवाला नमस्कार करून कामावर आल्या आल्या प्रथम फुंकावं लागतं. तो वर्ग म्हणजे वैमानिक. आम्ही बँकेत आलो की मस्टरवर सही करतो. तीही साडेदहाच्या आत झाली तर साहेबांना गहिवरून येतं. वैमानिकाचं मस्टर म्हणजे नळी. शिवाय हा सगळा विधी कॅमेऱ्यात टिपला जातो, एखाद्या मुंजीसारखा.

नियम मोठा कडक आहे. उड्डाणाच्या आधी बारा तास मद्याला स्पर्श नाही आणि यंत्रावर आकडा शून्यच हवा. नुसतं शून्य नव्हे, शून्य पूर्णांक शून्य शून्य शून्य. मी बी.कॉम. माणूस. आमची टॅली दोन दशांश स्थळांवर जुळली, की आम्ही शर्टाची बाही सोडतो आणि लोकल पकडतो. वैमानिकाची तिसऱ्या स्थळापर्यंत जुळावी लागते. अमेरिकेत वैमानिकाला आठ तासांचं बंधन आहे आणि रक्तातलं प्रमाण ०.०४ टक्क्याच्या आत असलं म्हणजे झालं. ब्रिटनमध्ये २००३च्या कायद्याप्रमाणे शंभर मिलिलिटर रक्तात २० मिलिग्रॅम ही मर्यादा. आपल्याकडे रस्त्यावर मोटार हाकणाऱ्यालासुद्धा ३० मिलिग्रॅमपर्यंत कायदा हात लावत नाही. वैमानिकाला मात्र सूट म्हणून नाही. पहिल्यांदा सापडला तर परवाना तीन महिने निलंबित, दुसऱ्यांदा तीन वर्षं आणि तिसऱ्यांदा परवानाच रद्द.

हे असंच हवं, यात मला शंका नाही. मी काउंटरवर डुलकी काढली तर फार तर एखाद्याचा चेक उशिरा वटेल. वैमानिकाने काढली तर दीडदोनशे माणसांचा हिशेब एकदमच बंद व्हायचा. आणि असे प्रकार घडत नाहीत, असंही नाही. ८ मार्च १९९० रोजी अमेरिकेत नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचं एक विमान फार्गोहून मिनियापोलिसला आलं, ते चालवणारे तिघेच्या तिघे प्यालेले होते. विमान सुखरूप उतरलं, हे प्रवाशांचं दैव. तिघेही तुरुंगात गेले. तेव्हा नळी हवी, कॅमेरा हवा, शून्यावर शून्यंही हवीत. माझं भांडण नळीशी नाहीच.

उलट मला त्या यंत्राबद्दल आदर वाटायला लागला आहे. श्वासावरून मद्य मोजणारं ‘ब्रेथलायझर’ हे यंत्र १९५४ साली अमेरिकेतल्या इंडियानाच्या पोलीस दलातल्या रॉबर्ट बोर्केन्स्टाइन यांनी तयार केलं. हल्लीच्या यंत्रांच्या पोटात प्लॅटिनमची छोटी पट्टी असते. मद्याची वाफ तिला लागली, की रासायनिक क्रिया होऊन किंचित वीज निर्माण होते. जितकी वाफ, तितकी वीज. मग २१०० मिलिलिटर श्वासात जेवढं मद्य, तेवढं एक मिलिलिटर रक्तात, असा दर धरून हिशेब केला जातो. आम्ही बँकेत डॉलरचा दर धरतो तसाच हा दर. माणसागणिक तो थोडा इकडेतिकडे होतो, पण यंत्र सगळ्यांना एकच दर लावतं. आम्हीही तेच करतो.

आता या यंत्राचं मोठेपण कशात आहे, ते सांगतो. त्याला स्वतःच्या मताचा अहंकार नाही. आकडा शून्याच्या वर गेला, तर वैमानिकाला लगेच बेड्या घालत नाहीत. त्याला चूळ भरू देतात, तोंड धुऊ देतात, पंधरावीस मिनिटं थांबवतात, यंत्राची प्रकृती ठीक आहे ना ते पाहतात आणि पुन्हा फुंकायला लावतात. कारण नुसतं तोंडात राहिलेलं मद्य तेवढ्या वेळात उडून जातं आणि पोटात गेलेलं जात नाही. म्हणजे यंत्र म्हणतं, “बाबा रे, माझा गैरसमजही झाला असेल. पुन्हा एकदा सांग.” एवढा समजूतदारपणा मी अजून एकाही रीजनल मॅनेजरमध्ये पाहिलेला नाही.

आणि गैरसमज व्हायला जागा पुष्कळ आहे. माउथवॉशमध्ये मद्यार्क असतो. खोकल्याच्या काही औषधांत असतो. होमिओपॅथीच्या थेंबांत असतो. आमच्या घरातलं औषधांचं कपाट उघडलं, तर सौभाग्यवतींचं अशोकारिष्ट, माझ्या आईचं द्राक्षासव आणि थोरल्या मेहुण्यांनी भक्तिभावाने पाठवलेलं दशमूलारिष्ट एका रांगेत उभं असतं. आसवं आणि अरिष्टं म्हणजे आंबवून केलेली औषधं, त्यांच्यात मद्य आपोआपच तयार होतं. तसं बाटलीवर बारीक अक्षरात छापलेलंही असतं. ही बाब मी एकदा आईच्या नजरेस आणून दिली. चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही, आणि पाचव्या दिवशी चमचा दोनाचा तीन झाला होता. थोडक्यात, आमच्या कपाटाला वैमानिक होता येणार नाही.

सरकारलाही हे ठाऊक आहे. म्हणून २०२३ साली विमानातल्या मंडळींना मद्यार्क असलेले माउथवॉश आणि दातांची जेल वापरायला मनाई झाली. नियमाच्या मसुद्यात अत्तराचंही नाव होतं, ते पुढे गळलं. ती बातमी वाचून मला आमच्याच जुन्या मुंबई राज्याची आठवण झाली. १९४९च्या दारूबंदी कायद्याने व्हिस्कीच्या रांगेत ओ-दि-कलोनलाही बसवलं होतं. १९५१ साली बालसारा खटल्यात सुप्रीम कोर्टाने व्हिस्कीवरची बंदी कायम ठेवली आणि औषधं व सौंदर्यप्रसाधनं तेवढी मोकळी केली. तोच कायदा, सुधारून का होईना, महाराष्ट्रात अजून आहे. आजही घोटभर घ्यायची, तर कायद्याने परवाना लागतो, आणि तो मिळतो प्रकृतीच्या रक्षणासाठी! असो.

त्याच १९५१ सालची गोष्ट. मुंबईत एका अधिकाऱ्याच्या जीपचा रात्री अपघात झाला. तोंडाला वास येत होता, म्हणून दारूबंदीखालीही खटला भरला गेला. चाल सरळ, बोलणं स्वच्छ. ते म्हणाले, मी जेवणानंतर टॉनिक घेतलं होतं. टॉनिकात मद्यार्क होता, हे खरंच होतं. खालच्या कोर्टाने त्यांना या आरोपातून सोडलं, हायकोर्टाने शिक्षा दिली आणि १९५४ साली सुप्रीम कोर्टाने पुन्हा सोडलं. कोर्टाचं म्हणणं असं, की वास औषधाचाही असू शकतो, दारूचाही असू शकतो, आणि तो दारूचाच आहे हे आरोप करणाऱ्याने सिद्ध करायला हवं. एका वासाचा निकाल लागायला तीन वर्षं! वास स्वतः तासाभरात उडून गेला असेल.

याहून विलक्षण हकीकत परदेशातली आहे. २००७ साली दोन संशोधकांनी ती एका वैद्यकीय नियतकालिकात दिली. एकोणसाठ वर्षांचा एक गृहस्थ, आयुष्यात दारूला न शिवलेला. त्याच्या मोटारीला असं कुलूप होतं, की आधी नळीत फुंकायचं आणि मगच इंजिन सुरू होणार. एके दिवशी त्याने फुंकलं, तर गाडी सुरूच होईना. गाडीच्या मते मालक प्यालेला! झालं होतं असं, की वजन उतरवण्यासाठी तो अगदी कमी खात होता. अशा उपासमारीत शरीर चरबी जाळतं, त्यातून अॅसिटोन तयार होतं, आणि यकृत त्यातल्या काहीचं रूपांतर आयसोप्रोपेनॉल नावाच्या मद्यार्कात करतं. यंत्राने तेच पकडलं. निर्व्यसनी माणसाला त्याच्याच यकृताने फशी पाडलं! संशोधकांनी शेवटी बजावलं, की ज्यांच्या कामावर इतरांचे प्राण अवलंबून असतात, त्यांच्या बाबतीत हे ध्यानात ठेवायला हवं. आमच्याकडच्या वैमानिकांना एकादशीमुळे असा धोका नाही. साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, वरी-आमटी आणि वर बटाट्याचा चिवडा, एवढं खाल्ल्यावर चरबी जाळायची वेळ शरीरावर येत नाही.

पण मंडळी, यंत्राचा गैरसमज यंत्र दूर करू शकतं. दुसरी फुंकर आहे, रक्ताची तपासणी आहे, डॉक्टर आहेत. माणसाच्या मनात एकदा आकडा उमटला, की तो पुसायला दुसरी फुंकर नसते.

काही वर्षांपूर्वी आम्ही एलएफसी घेऊन जुलै महिन्यात मुंबईहून कोचीला निघालो होतो. विमानात बसल्यावर कॅप्टननी ध्वनिक्षेपकावरून काहीतरी सांगितलं. आता, कॅप्टनची घोषणा कळत नसते हे सर्वमान्य आहे. रेल्वे स्टेशनवरची घोषणा आणि ही घोषणा या दोन सख्ख्या बहिणी. पण माझ्या पुढच्या रांगेतले एक गृहस्थ आपल्या सौ.ना म्हणाले, “जीभ जड वाटतेय हो. लावलीय वाटतं सकाळीच.” बाईंनी ते शेजारणीला सांगितलं. चहा येईपर्यंत ही वार्ता शेवटच्या रांगेतून स्वच्छतागृहापर्यंत जाऊन परतली, तेव्हा कॅप्टन आणि त्यांचा जोडीदार असे दोघेही प्यालेले होते. कोचीला मुसळधार पाऊस. विमान जरा दणका देऊन टेकलं. सगळ्यांनी एकमेकांकडे ‘बघा, म्हटलं नव्हतं?’ अशा नजरेने पाहिलं. ओल्या धावपट्टीवर चाकांनी पाण्यातून जमिनीला पकड घ्यावी, म्हणून विमान मुद्दामच जरा ठामपणे टेकवतात, हे कोणाला सांगणार? त्या माणसाने आमच्या आधी नळीत फुंकलं होतं, आकडा शून्य होता, आणि दीडशे माणसांना पावसातून त्याने सुखरूप आणलं होतं. बक्षीस काय, तर उतरताना प्रत्येक जण त्याच्याजवळून जाताना जरा लांब श्वास घेत होता.

तो कॅप्टन नशीबवान. ती वार्ता कन्व्हेयर बेल्टवर सामान येईपर्यंतच जगली. कोणी लेखी तक्रार केली असती तर? चौकशी होईपर्यंत घरी बसा. वर्तमानपत्रात ‘मद्यधुंद वैमानिक’ पहिल्या पानावर, आणि निर्दोष ठरल्याची बातमी आतल्या पानावर, विहिरीच्या टेंडर नोटिशीच्या खाली. घराशेजारचे लोक काही विचारत नाहीत, तेच जास्त लागतं. मुलांना शाळेत मात्र विचारतात.

हे मी कल्पनेने सांगत नाही. आमच्या शाखेत एक हेडकॅशियर होते. गळ्यात तुळशीची माळ, वर्षाला पंढरीची वारी, सुपारीचं खांडही तोंडात नाही. मधुमेह होता, इन्शुलिन घ्यायचे. एका महिन्याच्या पेन्शनच्या दिवशी काउंटरवर ही गर्दी, डबा खायला उठताच आलं नाही. दुपारी दोनच्या सुमाराला त्यांच्या कपाळावर घाम आला, हात थरथरू लागले, नोटा मोजताना आकडा विसरू लागले, बोलणं अडखळलं. रक्तातली साखर उतरली, की माणूस थेट प्यालेल्यासारखा दिसतो. आमच्या शिपायाला हे माहीत होतं. तो धावत जाऊन चार चमचे साखर घातलेला चहा घेऊन आला, आणि दहा मिनिटांत हेडकॅशियर पुन्हा नोटा मोजू लागले. पण त्या दहा मिनिटांत एका खातेदाराने सबंध हॉलला ऐकू जाईल असं जाहीर केलं होतं, “पिऊन बसलाय हा!” आणि तसा अर्जही ठोकून दिला.

पुढे सगळं रीतसर झालं. खुलासा मागवला, डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडलं, चौकशी अधिकारी आले, चहा पिऊन गेले. चार महिन्यांनी पत्र आलं, “तक्रारीत तथ्य आढळून आले नाही.” आता या वाक्याचा थंडपणा पाहा. तक्रार खोटी होती, असं ते म्हणत नाही. तथ्य कुठेतरी असेल, आम्हाला आढळलं नाही, इतकंच.

पत्र फाइलला लागलं. पण हेडकॅशियर बदलले. जेवणानंतर बडीशेप खायचे, ती बंद केली. लोकांना वाटायला नको, वास मारायला खातो म्हणून. कोणाशी बोलायचं झालं, की दोन पावलं मागे सरून बोलायचे. ज्याच्या तोंडाला उभ्या जन्मात अभंगाखेरीज कशाचा वास आला नाही, तो माणूस निवृत्त होईपर्यंत तोंडावर हात धरून बोलत होता. आणि त्यांच्या निरोपसमारंभात, सगळं माहीत असलेल्या एका वक्त्याने हसत हसत म्हटलंच, “आता काय, पार्टीला मोकळे!” सगळे हसले. हेडकॅशियरही हसले. शिपाई तेवढा हसला नाही.

आमच्या बँकेत चुकून एखाद्याच्या नावे रक्कम पडली, तर आम्ही उलटी नोंद करून ती जमा करतो. शिल्लक पैशाला पैसा जुळते. पण पासबुक उघडून पाहा, दोन्ही ओळी तिथेच असतात. जिचा मेळ लागत नाही, अशी रक्कम आम्ही सस्पेन्स खात्यात टाकतो. तिथे ती फार दिवस राहिली, तर ऑडिटर आमचा जीव खातो. पण माणूस सस्पेन्स खात्यात पडला, तर त्याच्यासाठी कोणी ऑडिटर येत नाही.

गंमत पाहा. त्या १९९० सालच्या विमानाचे कॅप्टन लाइल प्राउझ खरोखर प्यालेले होते. त्यांनी शिक्षा भोगली, दारू कायमची सोडली, त्याच कंपनीत परतले, मोठी विमानं चालवून सन्मानाने निवृत्त झाले, आणि २००१ साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्यांना माफी दिली. याचा मला आनंदच आहे. चुकलेल्याला परतीची वाट असावी. पण आमच्या हेडकॅशियरना माफी कोण देणार? माफीला गुन्हा लागतो. त्यांच्याकडे तोच नव्हता.

मग निर्दोष माणसाने करायचं काय? त्याने काही करून उपयोग नसतो. तो जितकं “मी प्यालो नाही” म्हणेल, तितका अधिक प्यालेला दिसेल. करायचं असतं ते बाजूच्यांनी. आणि ते कसं करावं, याचा वस्तुपाठ केरळने दिला आहे. जुलै २०२५ मध्ये पंदळमच्या सरकारी बस डेपोत काही ड्रायव्हरांनी सकाळी नळीत फुंकलं आणि यंत्राने त्यांना प्यालेले ठरवलं. ते शपथेवर सांगू लागले, की आम्ही घेतलेली नाही, एकाने घरून आणलेला फणस तेवढा खाल्ला आहे. आता ‘फणस खाल्ला’ या सबबीवर आपला कोकणातला माणूसही सहज विश्वास ठेवणार नाही. पण डेपोतल्या मंडळींनी एक साधी गोष्ट केली. जो आधी फुंकून शून्यावर उत्तीर्ण झाला होता, अशा एकाला तोच फणस खायला दिला आणि पुन्हा फुंकायला लावलं. तोही प्यालेला निघाला! फार पिकलेल्या फणसातली साखर आंबून थोडं मद्य तयार होतं, ते त्यांच्या तोंडात होतं. ड्रायव्हर निर्दोष सुटले. चार महिने नाहीत, चौकशी अधिकारी नाही, ‘तथ्य आढळून आले नाही’ नाही.

ही हकीकत वाचल्यापासून माझी माणसांची वर्गवारी बदलली आहे. पूर्वी मी ती खातेदार आणि बिगर-खातेदार अशी करत असे. आता मी पाहतो, की ऐकीव बातमी पुढे सरकवणारा कोण आणि दुसऱ्यासाठी फणस खाऊन नळीत फुंकणारा कोण. आमच्या शाखेतला तो शिपाई दुसऱ्या प्रकारातला होता. त्याने कोणाला काही सांगितलं नाही, साखर आणली.

हा विचार मी घरी मोठ्या तळमळीने मांडला. सौभाग्यवती शांतपणे म्हणाल्या, “गरे खायला तुमची अख्खी शाखा येईल. नळी पुढे केली, की तेवढ्यांना बाहेर अर्जंट काम निघेल.”

त्यांचं म्हणणं खरं असण्याचा संभव आहे. पण एखादा तरी मागे थांबेल, अशी मला आशा आहे. एवढा फणस खाल्ल्यावर कोणाला पटकन उठता येतं?